लिंबाचा कोरा चहा रोज कडू होतोय, मदत हवी आहे

तिन्हीसांज
आठ दिवस झाले, लिंबाचा चहा करतेय आणि रोज कडू होतोय. बाबांना दुधाचा चहा बंद सांगितलाय. पूर्वी दिवसाला पाच-सहा कप व्हायचे, एकदम बंद केला की त्यांचं डोकं धरतं. आलं ठेचून घालते, गवती चहाची गाठ मारून टाकते, गुळाचा लहान खडा घालते. तरी कडूच. रंगही धड येत नाही, पिवळट पाणी दिसतं. काल बाबांनी एक घोट घेतला आणि कप तसाच ठेवला. लिंबं बदलून झाली, काही फरक नाही. प्लीज लवकर सांगा, उद्या सकाळी परत करायचाय.

आजीचं_फडताळ
बिया पडत असतील. बी गरम चहात राहिली की कडू होणारच. लिंबू गाळणीवर पिळा.

कोकणकडा
पावडर कुठली? किती कपाला किती? किती वेळ उकळता? लिंबू गॅसवर असताना पिळता की उतरवल्यावर? यातलं काहीच लिहिलं नाहीये. आमच्याकडे कोरा चहा रोजचा आहे, कडू होत नाही, पण तुम्ही काय करता ते कळल्याशिवाय सांगणार काय?

हावड्याचा_मराठी
पादेलोण घाला! कोलकात्यात बारा वर्षं काढली, तिथे रस्तोरस्ती लेबू चा मिळतो. कोरा चहा, लिंबू, साखर आणि चिमूटभर पादेलोण, काही जण भाजलेल्या जिऱ्याची पूडही टाकतात. मिठाने कडवटपणा दबतो.

कोकणकडा
दबतो, जात नाही. आणि बाबांना रक्तदाब असेल तर? आधी विचारा तरी.

रोज_दहा_हजार_पावलं
लिंबू चहा वजनासाठी फार छान. सकाळी रिकाम्यापोटी, एक चमचा मध घालून. मी तीन महिने घेतला, खूप हलकं वाटतं.

आजीचं_फडताळ
वजनाचं कुणी विचारलंय का? आणि उकळत्या चहात मध घालू नये असं आयुर्वेद सांगतो. गूळच बरा.

रोज_दहा_हजार_पावलं
मी कोमट झाल्यावर घालते. आणि गूळ म्हणजे तरी काय, साखरच की. बाबांना मधुमेह असेल तर दोन्ही नको.

तिन्हीसांज
मधुमेह नाही, रक्तदाबही नाही. दुधाने पोट फुगतं म्हणून दूध बंद. पावडर घरात असते तीच, दाणेदार. आधी दोन कपांना एक चमचा घालायचे, पण लिंबू पिळलं की रंग उडायचा, म्हणून दोन केले. रंग येईपर्यंत उकळते, पाच-सात मिनिटं. तरी फिका वाटला तर परत थोडी पावडर टाकून एक उकळी काढते.

कोकणकडा
सापडलं. तुम्ही रंगाच्या मागे लागलाय. लिंबू पडलं की चहा फिका होतोच, तो बिघडत नाही. दोन कपांना एक सपाट चमचा पुरे. आधी पाणी, आलं, गवती चहा चांगलं उकळा, गॅस बंद करा, मग पावडर टाकून झाकण ठेवा. एक-दीड मिनिटात गाळा. लिंबू शेवटी, कपात, अर्धा चमचा रस.

प्रयोगवही
बरोबर. चहाला तांबूस रंग देणारी द्रव्यं आम्लात फिकट होतात. कशी ते बघायचं असेल तर लिंबू पिळलेल्या थोड्या चहात चिमूटभर खायचा सोडा टाका, रंग परत गडद होतो (तो चहा पिऊ नका, फक्त बघा). दाणेदार पावडर म्हणजे सीटीसी. ही पद्धत १९३० च्या दशकात आसामात निघाली. यात पान चुरडून, फाडून, वळवतात, त्यामुळे अर्क झपाट्याने उतरतो. दुधाला ती उत्तम, पण कोरी सात मिनिटं उकळली तर तुरट-कडू होणारच. खरं तर लिंबासाठी दार्जिलिंग किंवा निलगिरीचा पानांचा चहा घ्यावा.

कोकणकडा
महागाच्या पानांची काही गरज नाही. माझ्या आईने आयुष्यभर सुट्या पावडरचाच केला. वेळ सांभाळली की झालं.

टेम्सकाठी
पाणी बोअरचं आहे का? लंडनला आमचं पाणी कठीण आहे, कोऱ्या चहावर चकचकीत तवंग येतो. लिंबू पिळलं की जातो.

तिन्हीसांज
नळाचं आहे. तवंग येत नाही. उद्या सांगितल्याप्रमाणे करून बघते.

तिन्हीसांज (दुसऱ्या दिवशी)
सकाळी माझा कप मस्त झाला! अजिबात कडू नाही. पण बाबा म्हणाले, दहा वाजता प्यायलो तेव्हा कडूच होता. आता काय?

आजीचं_फडताळ
दहा वाजता? मग मधल्या वेळात चहा होता कुठे?

तिन्हीसांज
थर्मासमध्ये. मी साडेसहाला शाळेवर जायला निघते, दिवसभराचा एकदाच करून ठेवते. लिंबाच्या दोन चकत्या आतच टाकते, वास छान राहतो म्हणून.

कोकणकडा
अहो, हे पहिल्याच दिवशी सांगायचं ना! चकतीची साल आणि आतला पांढरा भाग गरम चहात साडेतीन तास! कडवटपणा तिथूनच उतरतोय. थर्मासमध्ये नुसता गाळलेला चहा भरा. अर्धं लिंबू वाटीत झाकून ठेवा, बाबा पिताना पिळून घेतील.

प्रयोगवही
शिवाय क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं. आयत्या वेळी पिळलेलंच चांगलं.

गोळी_आणि_पथ्य
जरा वेगळं विचारते. बाबा लोहाच्या गोळ्या घेतात का? या वयात बऱ्याच जणांना असतात.

तिन्हीसांज
हो, हिमोग्लोबिन कमी आलंय. नाश्त्यानंतर घेतात. चहाबरोबरच.

गोळी_आणि_पथ्य
ते आधी थांबवा. चहातली टॅनिनं लोह अंगी लागू देत नाहीत, मग चहा कोरा असो की दुधाचा. गोळी आणि चहात निदान एक-दोन तास जाऊ द्या. गोळी साध्या पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घेऊ दे, लिंबाने लोह शोषायला मदतच होते. जेवणाला लागूनही चहा नको. आणि डॉक्टरांना वेळा सांगून ठेवा.

हावड्याचा_मराठी
हे मलाही माहीत नव्हतं. माझी आई गोळी चहाबरोबरच घेते, आज फोन करतो.

तिन्हीसांज (दोन दिवसांनी)
चकत्या बंद केल्या. काल रविवार होता, बाबांच्या समोरच बसले. त्यांनी स्वतः लिंबू पिळलं, तांबूस चहा कडेकडेने सोनेरी होत गेला, ते कप उजेडाला धरून बघत राहिले. पूर्ण प्यायले, पादेलोणाची चिमूट टाकून. हावड्याचा_मराठी, तुमचे विशेष आभार. गोळी आता दुपारी बाराला ठेवलीय, चहा त्याआधी दहाला. दुपारचा चारचा कप थर्मासमध्ये कोमट होतो एवढंच राहिलंय.

टेम्सकाठी
चहा भरायच्या आधी थर्मासमध्ये उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवून ओतून टाका. चारलाही बऱ्यापैकी गरम राहील.