वाडा सोडून फ्लॅटमध्ये: माळ्यावरच्या सामानाचं काय करायचं?

प्रश्न: पंचवटीतल्या वाड्यातून पाथर्डी फाट्याला टू बीएचकेत जायचंय. दीड महिना हातात. माळ्यावर बंब, पितळी पातेली, कापसाच्या गाद्या, पुस्तकं. सुरुवात कुठून?

उत्तर १: माळ्यापासूनच, स्वयंपाकघर शेवटच्या आठवड्यात. त्याआधी टेप घेऊन नव्या इमारतीच्या लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळण मोजा. सागवानी कपाट वळणावरच अडतं, मग सुतार शोधत बसावं लागतं.

उत्तर २: जुनी भांडी मोडीत देताना तांबं-पितळ वेगळं तोला. एकत्र टाकलं की सगळ्याला पितळेचाच भाव लागतो, आणि तांबं तर महाग. बंबाची लोखंडी जाळी नि कड्या आधी काढा, नाहीतर दुकानदार अंदाजाने घट (वजनातली कपात) धरतो, तीही सढळ हाताने! वजनकाटा शून्यावर आहे ना, बघा.

उत्तर ३: गाद्या फेकू नका. उन्हात टाकून पिंजून घ्या. दोन जुन्यांतून एक चांगली भरते. पुस्तकं लहान खोक्यांत, दहा-बारा किलोच. मोठ्या खोक्याचं बूड सुटतं. जुन्या बॅटऱ्या, ट्यूबलाइट घंटागाडीत ओल्या कचऱ्यात नकोत, वेगळ्या द्या. फ्रिज आदल्या दिवशीच बंद करा.

प्रश्नकर्ता: बंबाला दोन कड्या आहेत, आजच काढतो.