मातीच्या भांड्यावरच्या ग्लेजला 'कल्हई' म्हणायचं का?

मृद्गंधा: इराकमधल्या बसऱ्याच्या नवव्या शतकातल्या भांड्यांवरचा एक लेख मराठीत आणतेय. चिनी पोर्सेलीनसारखा पांढरेपणा यावा म्हणून तिथले कुंभार ग्लेजमध्ये, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपात, कथील घालत आणि वर कोबाल्टची निळी नक्षी काढत. 'टिन ग्लेज'ला मी 'कथिली झिलई' लिहिलं, संपादकांनी खोडून 'कल्हई' केलं. मला पटत नाही.

परसदार: कल्हई तांब्यापितळेला. आमच्या अंगणात कल्हईवाला बसायचा. भांडं तापलं की नवसागर टाकायचा, भसकन पांढरा धूर यायचा, मग कथील लावून कापसाच्या बोळ्याने फिरवायचा. तिथे कथील धातूच राहतं. तुमच्या भांड्यात त्याची भस्म होऊन काचेत अडकलेली असते, ती उजेड अडवते म्हणून पांढरं दिसतं.

शब्दवेडा: पण 'कल्हई' अरबी 'कलई'वरून आला, म्हणजे कथीलच! संपादक मुळाला धरून आहेत.

परसदार: मूळ काहीही असो, 'कल्हई' वाचून डोळ्यांपुढे पातेलं येतं.

स्वभाषा: झिलईसुद्धा अरबीच. 'काचलेप' म्हणा, स्वच्छ शब्द आहे.

मृद्गंधा: पुढे इराणमधलं निशापूर येतं हो. दहाव्या शतकातली तिथली भांडीही पांढरी, पण कथलाने नव्हे. तांबूस मातीवर पांढऱ्या मातीचा पातळ हात, त्यावर काळी कूफी (जुन्या अरबी वळणाची) अक्षरं, आणि वर शिशाचं पारदर्शक ग्लेज. नुसत्या 'काचलेपा'त हा फरक बुडतो.

स्वभाषा: मग 'कथिलकाचलेप' आणि 'शिसकाचलेप'.

परसदार: हे कोण बोलणार? भट्टी लावणारे सरळ 'ग्लेज' म्हणतात.

खापर: चौलच्या उत्खननात पश्चिम आशियातल्या फिरोजी रांजणांची खापरं निघाली आहेत. त्यांचा रंग तांब्याचा, कथलाचा संबंध नाही. 'फिरोजी झिलई' म्हटलं की लगेच कळतं. झिलईच ठेवा.

शब्दवेडा: रांजण कशाला, बरणी म्हणा! अरबीत 'बर्निय्या' म्हणजे मातीचं भांडंच.

स्वभाषा: बरणी 'भरणे'वरून आली.

शब्दवेडा: मग 'भ' कुठे गेला? भरणे, भरणा, भरती, सगळीकडे टिकलाय.

स्वभाषा: मल्याळममध्ये लोणच्याच्या बरणीला आजही 'भरणी' म्हणतात. बघा, टिकलाय.

मृद्गंधा: संपादकांना उद्या उत्तर द्यायचंय. झिलई की ग्लेज?

शब्दवेडा: केरळच्या किनाऱ्यावर अरबांची ये-जा किती जुनी! 'भ' तिकडेच चिकटला असणार.