जीटी८६ ला १८ इंची चाकं आणि २४५ चे टायर : घालू का?

चंदगडकर :
नमस्कार मंडळी. मी स्टुटगार्टला असतो. २०१५ ची टोयोटा जीटी८६ सेकंडहँड घेतली आहे, मॅन्युअल. कंपनीची १७x७ ईटी४८ चाकं आहेत (व्यास आणि रुंदी इंचात; ईटी म्हणजे चाक आत-बाहेर किती बसतं त्याचं मिमीतलं माप) आणि त्यावर २१५/४५ आर१७ मिशलिन प्रायमसी एचपी टायर (रुंदी २१५ मिमी, भिंतीची उंची तिच्या ४५ टक्के), तेही झिजत आलेत. चाकं कमानीत खोल बसलेली दिसतात, मागून गाडी अगदी काटकुळी वाटते. ऑफिसातला एकजण म्हणतो, १८x८.५ वर सरळ २४५/३५ टाक. ऑफिसला मी ट्रेननेच जातो. गाडी निघते ती रविवारी, ब्लॅक फॉरेस्टातल्या बी५०० या घाटरस्त्यावर, आणि कधीमधी न्यूरबुर्गरिंग या रेस ट्रॅकला. बजेट बेताचं आहे. काय करू?

रबरी_अण्णा :
भाऊ, आधी एक सांगा. गाडी रुंद दिसायला हवी की चालवायला मजा यायला हवी? दिसण्यासाठीच असेल तर खुशाल घाला, त्यात मला विचारण्यासारखं काही नाही.

टायर कंपनीत आयुष्य गेलं म्हणून सांगतो, या गाडीचे टायर बारीक आहेत ते पैसे वाचवायला नव्हे. २०१२ साली ती आली तेव्हा मुख्य अभियंते तेत्सुया तादा यांनी पकड मुद्दाम बेताची ठेवली होती. हाच प्रायमसी एचपी टोयोटाच्या हायब्रिड प्रियसलाही मिळायचा! साडेबाराशे किलोच्या आसपास वजन, २०० घोडे, टॉर्क जेमतेम २०५ न्यूटन-मीटर. एवढ्या ताकदीत मागचं चाक पकड सोडून घसरायला लागलेलं हाताला कळावं, म्हणून असा टायर. २४५ घातलेत तर गाडी घसरेल तेव्हा वेग इतका असेल की बी५०० वर पुढे एकतर पोलीस असतील नाहीतर झाड.

आणि रुंद टायर म्हणजे रस्त्यावर तेवढंच जास्त रबर, हे डोक्यातून काढा. जमिनीला टेकणारा ठसा केवढा, हे मुख्यतः चाकावरचं वजन आणि हवेचा दाब ठरवतात. रुंदी वाढली की ठसा आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. वळणात त्याचा फायदा मिळतो, नाही असं नाही. पण पावसात रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, तो लवकर तरंगतो. शिवाय हलक्या गाडीखाली मोठा टायर गार हवेत नीट तापतच नाही.

म्हणून रुंदी राहू द्या, रबर बदला. त्याच २१५/४५ आर१७ मापात चांगला उन्हाळी स्पोर्ट टायर घ्या. टोयोटाने स्वतः हेच केलं. पुढच्या जीआर८६ च्या अमेरिकेतल्या वरच्या मॉडेलला १८ इंची चाकं आणि मिशलिनचे पायलट स्पोर्ट ४ टायर दिले, रुंदी मात्र २१५ च. एका सेटमध्ये गाडी वेगळी वाटेल.

तरी हात शिवशिवत असतील तर १७x८ ईटी४५ वर २२५/४५. चाक बाहेरच्या बाजूला १५.७ मिमी येतं आणि आत ९.७ मिमी सरकतं, म्हणजे कमानीतला तुमचा खड्डाही भरेल. टायरची उंची ६२५ वरून ६३४ मिमी होते, साधारण दीड टक्का.

१८ इंची स्वस्तातली ओतीव चाकं बहुधा जड निघतात आणि ते वजन स्प्रिंगच्या खाली, तेही परिघाकडे बसतं. इथे पुण्यात तर बुटक्या भिंतीच्या टायरने पहिल्याच पावसाळ्यात रिम वाकते. तुमचे रस्ते बरे आहेत, तो मुद्दा सोडून देऊ.

मोटारमावशी :
म्युनिकहून. अण्णांचं पटलं, पण चंदगडकर, चाकं मागवण्याआधी कागद बघ. गाडीच्या नोंदणीपत्रात बहुतेक वेळा एकच माप छापलेलं असतं, बाकीची मंजूर मापं सीओसीमध्ये, म्हणजे गाडीच्या कंपनीने दिलेल्या अनुरूपता प्रमाणपत्रात असतात. यादीबाहेरचं काही बसवलंस तर चाकासोबत या गाडीसाठीची मंजुरी हवी. नुसत्या प्रमाणपत्राने भागत नसेल तर ट्यूफ किंवा डेक्रा या वाहन तपासणी संस्थांकडून तपासून घ्यावं लागतं. मंजुरीविना फिरलास तर गाडीचा परवानाच रद्द ठरू शकतो, अपघात झाला तर विमावालेही हात वर करायला बघतात.

दुसरं म्हणजे हिवाळा. ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायरवर जुनी एम+एस (चिखल आणि बर्फ) खूण पुरत नाही, डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह लागतं. तेव्हा बजेट दोन सेटमध्ये वाटावं लागेल. उन्हाळी सेटवरच सगळे पैसे उधळू नकोस.

चंदगडकर :
मावशी, हिवाळ्याचा विचारच केला नव्हता, थँक्यू! मग अण्णा, २२५ हाच टायर सध्याच्या १७x७ वर बसवला तर? चाकांचे पैसे वाचतील.

रबरी_अण्णा :
बसतो. २२५/४५ ला ७ ते ८.५ इंची रिम चालते, तुमची अगदी खालच्या टोकाला. भिंती बाहेर फुगतात आणि स्टीअरिंग वळवल्यावर गाडी क्षणभर विचार करून वळते. या गाडीचं स्टीअरिंग हाच तिचा दागिना, तो कशाला घालवायचा? ७ इंची रिम ठेवायची तर २१५ च. त्यात मावशी म्हणते तशी सीओसीची भानगडही नाही, फक्त भार आणि वेगाचा आकडा ८७डब्ल्यू किंवा त्यावरचा बघा.

टायरच्या बाजूला ‘डॉट’ (DOT) या अक्षरांच्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, आठवडा आणि साल. ३२२१ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. ऑनलाइन स्वस्त दिसलं की आधी ते विचारा.

रिंगवर जाल तेव्हा २०.८ किमीच्या एका फेरीतही दाब बराच चढतो. गरम असताना हवा सोडलीत तर घरी निघण्याआधी, टायर गार झाल्यावर, दारावरच्या स्टिकरप्रमाणे परत भरा. लोक हे हमखास विसरतात आणि मग महामार्गावर कमी हवेत पळवतात.

चंदगडकर :
ठरलं मग, २१५ च. जुनी १७ ची चाकं कुणी विकत असेल तर कळवा, हिवाळी सेटला घेईन.

मोटारमावशी :
घेण्याआधी बोल्टचं वर्तुळ बघ, ५x१०० हवं (पाच बोल्ट, १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर). इथे ५x११२ चा सुळसुळाट आहे, ती बसणार नाहीत.