या बूथवर आपल्याला लीड नव्हतं

सेक्रेटरी (ए-२०१): सर्व सभासदांना नमस्कार. आज रविवार २२ डिसेंबर २०२४, सकाळी आमदार साहेब आभार भेटीला येऊन गेले, पन्नासेक जण तरी होते. चहा-सामोशाचा खर्च कमिटी मेंबरनी खिशातून केलाय, मेंटेनन्समधून नाही, हे आधीच सांगतो म्हणजे पुढचे दहा मेसेज वाचतील. गेटबाहेरचा रस्ता आणि पावसाळी लाईन याचं निवेदन दिलं, पोच घेतलीय.

सी-५०४: सामोसे कोपऱ्यावरचे होते का? गार होते

सेक्रेटरी (ए-२०१): साडेदहाची वेळ होती, साहेब आले सव्वाबाराला. सामोसे काय करणार

डी-१०३ ताई: माझी शिफ्ट होती, काय बोलले ते सांगा ना कोणीतरी. फोटो नकोत, फोटो चाळीस आलेत

बी-६०२ काका: सांगतो. नेहमीचंच असेल म्हणून मी मुद्दाम मागच्या खुर्चीवर बसलो होतो पण खरं सांगू, अर्धं भाषण ऐकण्यासारखं होतं. म्हणाले प्रचारात बोललो ते प्रचारापुरतं, २३ नोव्हेंबरला निकाल लागला तिथे ते संपलं, आता सगळे एक. नागपूरचं अधिवेशन कालच संपलं ना, तर म्हणाले ज्यांना महिनाभर स्टेजवरून धू धू धुतलं त्यांच्याच शेजारी बसून तिथे जेवलो, कारण पुण्याच्या पाण्यावर सभागृहात लक्षवेधी सूचना लावायची तर शेजारच्या मतदारसंघातल्या विरोधी आमदाराला पण बरोबर घ्यावं लागतं, खडकवासला पानशेत काय पक्ष बघून भरत नाहीत. आणि म्हणाले ज्यांनी मत दिलं त्यांच्याकडे जायला काही लागत नाही, ज्यांनी दिलं नाही त्यांच्या दारात जायला जरा जड जातं, म्हणून आज आलो.

ए-७०३: मस्त बोलले खरंच. मी मत दिलं नव्हतं तरी टाळ्या वाजवल्या

बी-६०२ काका: थांब रे, पुढचं ऐक. निघताना दाराशी थांबले. क्लबहाऊसच्या भिंतीवर मतदान केंद्राचा तो बाणाचा कागद अजून तसाच आहे, महिना झाला कोणी काढला नाही, एका कोपऱ्याची टेप सुटून तो वाऱ्यावर फडफडत असतो. तो त्यांनी हाताने सपाट धरला, केंद्राचा नंबर मोठ्यांदा वाचला आणि हसत म्हणाले, या बूथवर आपल्याला लीड नव्हतं, माहितीय मला, पण मी ते बघून काम करत नाही. सगळे हसले. मी पण हसलो. वर येऊन चपला काढताना मात्र वाटलं की बघून काम करत नाहीत, पण बघितलंय तर खरं.

ए-७०३: काका तुम्ही पण ना. सरळ माणूस सरळ बोलला

डी-१०३ ताई: एक मिनिट, त्यांना कळलं कसं? मतदान गुप्त असतं ना

बी-६०२ काका: ताई तुमचं मत गुप्तच आहे. पण मशीन प्रत्येक केंद्राचं वेगळं मोजतात, आणि त्याचा तक्ता निघतो, फॉर्म २० म्हणतात त्याला, कुठल्या केंद्रावर कोणाला किती. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाईटवर असतो, कोणीही बघावा. पूर्वी कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा निवडणूक आयोगाला वाटलं तर बऱ्याच केंद्रांच्या पेट्या एकत्र मिसळून मोजायची सोय होती, म्हणजे कुठली वस्ती कोणाबरोबर गेली ते कळू नये. मशीन आलं आणि ते गेलं. त्यावर टोटलायझर नावाचं यंत्र आयोगाने सुचवलं होतं, चौदा केंद्रांची बेरीज एकदम दाखवायची, २०१५ मध्ये विधी आयोगाने पण शिफारस केली, पण ते काही आलं नाही. आणि यावेळी तर केंद्रच सोसायटीत दिलं. आपण खूश, लिफ्टने खाली उतरायचं मत टाकायचं परत वर, पण त्याचीच ही दुसरी बाजू. झेडपीच्या शाळेत चार आळ्यांची मतं एकत्र पडायची.

सी-५०४: काढला मी आत्ता. पीडीएफ आडवी स्कॅन केलीय, मान मोडली. आपलं केंद्र सापडलं. खरंच मागे होते, आणि थोडेथोडके नाही

सेक्रेटरी (ए-२०१): कृपया आकडे ग्रुपवर टाकू नयेत. पक्ष, उमेदवार, धर्म यावर चर्चा नको असं ठरलंय.

सी-५०४: सरकारी कागद आहे साहेब. पण नाही टाकत

ए-७०३: आणि त्या केंद्रात मागची बंगल्यांची गल्ली पण होती. आपलंच कशावरून?

सी-५०४: बंगलेवाले येतात कधी मतदानाला

ई-९०२ काकू: मी जास्त लिहीत नाही इथे पण लिहिते. माझं माहेर लहान गावातलं, ग्रामपंचायतीला एका वॉर्डात अडीचशे तीनशे मतं, कोणाच्या घरातून कुठे गेली ते निकालाच्या संध्याकाळी चहा पिता पिता सांगायचे लोक. एका वर्षी आमची आळी हरलेल्या बाजूला होती. दिव्याचे खांब आले, एक एक करत आमच्या आळीच्या तोंडापर्यंत आले आणि थांबले. कोणी नाही म्हणालं नाही हां, दादा विचारायला गेला की "पुढच्या टप्प्यात" म्हणायचे. माझ्या लग्नाचा मांडव तसाच पडला, अर्ध्या आळीत दिवे आणि अर्ध्या आळीत भाड्याच्या ट्यूबा. त्यामुळे मला त्या हसण्याचं विशेष कौतुक वाटलं नाही.

ए-७०३: काकू पण हे शहर आहे

ई-९०२ काकू: मग शहरात निवेदन कशाला दिलं रे, खांबासाठीच ना

डी-१०३ ताई: बरोबर. आणि मुळात रस्ता आमदाराकडे का मागतोय आपण? ते काम महापालिकेचं

सेक्रेटरी (ए-२०१): ताई मार्च २०२२ पासून पालिकेत नगरसेवकच नाहीत, प्रशासक आहे. वॉर्ड ऑफिसला मी स्वतः सात वेळा गेलोय, दरवेळी वेगळा साहेब. आमदारांना वर्षाला ५ कोटी स्थानिक विकास निधी असतो, कामं ते सुचवतात आणि पैसे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत येतात. सध्या दुसरं दार नाही.

बी-६०२ काका: तेच तर म्हणतोय मी. सुचवतात ते. अख्ख्या मतदारसंघातून कुठली गल्ली सुचवायची हे त्यांच्या हातात, आणि समोर कागद कुठला, तर फॉर्म २०. माणूस वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, हात मिळवला तेव्हा नीट डोळ्यात बघून बोलले. पण ५ तारखेला आझाद मैदानावरचा शपथविधी बघितला असेल सगळ्यांनी. मंत्री शपथ घेतात त्यात "कोणाविषयीही ममत्वभाव किंवा आकस न बाळगता" असं असतं, लहानपणापासून रेडिओवर ऐकून पाठ झालंय. आमदाराच्या शपथेत ते वाक्य नाही. संविधानाबद्दल श्रद्धा निष्ठा, देशाची एकात्मता, कर्तव्य निष्ठापूर्वक पार पाडीन, संपलं. म्हणजे सगळ्यांना सारखं वागवीन हे आमदाराकडून कोणी वदवूनच घेत नाही, तो आपणहून म्हणाला तर म्हणाला. हे म्हणाले, त्याचे मार्क मी देतो. आता रस्ता झाला की उरलेले देईन.

सी-५०४: काका पेपर तपासायची सवय गेली नाही अजून

ए-७०३: आणि एकी एकी काय घेऊन बसलोय, सभागृहात २८८ पैकी विरोधी पक्षनेता पण नाही यावेळी. दहा टक्के म्हणजे २९ आमदार लागतात असा संकेत आहे, विरोधातला सगळ्यात मोठा पक्ष २० वर. एकी आपोआपच झालीय, हाहाहा

डी-१०३ ताई: ही एकी नाही, समोर कोणी उरलंच नाही

बी-६०२ काका: आणि जे आहेत ते व्हिपच्या, म्हणजे पक्षाच्या आदेशाच्या, बाहेर हात वर करू शकत नाहीत, १९८५ पासून. पक्षांतर बंदी. तरी पक्ष फुटायचे ते फुटतातच, आपल्या राज्याने गेल्या पाच वर्षांत काय काय बघितलं. असो, सेक्रेटरी रागावतील.

सेक्रेटरी (ए-२०१): रागावलोच आहे. विषय बदला.

सी-५०४: बदलतो. सप्टेंबरमध्ये आपली पण निवडणूक झाली, दोन पॅनल, लिफ्टमध्ये पॅम्प्लेट, एकमेकांच्या गणपतीच्या आरतीला न जाणं वगैरे. निकालानंतर आपण पण "आता सगळे एक" असा मेसेज टाकलात साहेब, मी स्क्रीनशॉट ठेवलाय. तेव्हापासून डी विंगचं गळणारं टेरेस यादीत खालीच आहे. डी विंगने कोणाला मतं दिली हे सांगायला फॉर्म २० लागत नाही

सेक्रेटरी (ए-२०१): हे चुकीचं आहे. टेरेसची तीन कोटेशन्स यायचीत, दोनच आलीत. आणि आमच्या कमिटीला कामं करू कोण देतंय? जुन्या कमिटीकडून टँकरची वही अजून मिळालेली नाही. पंपाच्या खोलीची दुसरी किल्ली नाही. परवा रात्री अडीचला टाकी ओव्हरफ्लो झाली तेव्हा वॉचमन कुलूप हलवत बसला होता, हे पाणी आपण टँकरने विकत घेतो.

ए-७०३: त्या रात्री मी पण खाली उतरलो होतो, पार्किंगमध्ये घोटाभर पाणी

ई-९०२ काकू: डी विंगची तीन कुटुंबं बादल्या लावून झोपतात पावसाळ्यात. कोटेशन मी आणून देते, माझा भाचा वॉटरप्रूफिंगचं काम करतो. नात्यातलं म्हणून नको असेल तर नको, पण आकडा तरी तिसरा होईल

सेक्रेटरी (ए-२०१): पाठवा काकू. पाकीट बंद करून.

बी-३०१ माजी सेक्रेटरी: सकाळपासून वाचतोय. किल्ली माझ्याकडे आहे. कोणी मागितली नाही, मीही दिली नाही, माझं चुकलं म्हणा. आत्ता खाली सिक्युरिटीकडे देतोय.

सी-५०४: देवा

बी-६०२ काका: दिली का? मी गॅलरीत आहे, दिसतोय तुम्ही

बी-३०१ माजी सेक्रेटरी: दिली. रजिस्टरमध्ये सही घेतली.

सेक्रेटरी (ए-२०१): धन्यवाद. टँकरची वही?

बी-३०१ माजी सेक्रेटरी: वहीचं उद्या बोलू. त्यात काही नोंदी पेन्सिलने आहेत.

डी-१०३ ताई: पेन्सिलने?????

सेक्रेटरी (ए-२०१): आणि तो बाणाचा कागद कोणीतरी काढा भिंतीवरचा.

बी-६०२ काका: राहू दे अजून. आमदार परत येतील तेव्हा नंबर वाचायला लागेल.