जपानी बारीक, अमेरिकन जाड: जीन्स की खाणं?

शंकासूर:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. अमेरिकेत मोठ्या माणसांपैकी साधारण ४२ टक्के लठ्ठ (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, ३० किंवा वर) आणि जपानमध्ये जेमतेम ५ टक्के. एवढा फरक नुसत्या खाण्याने पडेल? मी आणि माझा धाकटा भाऊ एकाच घरात जेवून वाढलो, तो माझ्या दुप्पट हाणतो तरी काडीपैलवान, आणि मी नुसता वास घेतला तरी पँटचं बटण लागत नाही. जुळ्यांच्या अभ्यासात वजनातला ४० ते ७० टक्के फरक आनुवंशिक निघतो असं वाचलंय, मग जीन्स म्हणून मोकळं का होऊ नये?

निवांत:
आकडा बरोबर आहे हो, पण चुकीच्या जागी लावताय. तो एकाच समाजातल्या माणसामाणसांतल्या फरकाचा आहे, दोन देशांच्या सरासरीबद्दल तो काहीच सांगत नाही. वर्गात पहिला कोण नि शेवटचा कोण हे पोरांवर ठरतं, पण पेपर सोपा काढला की अख्ख्या वर्गाचे मार्क वाढतात आणि नंबर जवळपास तेच राहतात. अमेरिकेतच १९७६-८० च्या सुमारास लठ्ठ लोक १५ टक्के होते, चाळीस वर्षांत ४२ वर गेले, तेवढ्यात काय जीन्स बदलले?

पिमा लोकांचं बघा. मूळ अमेरिकन लोकांची एकच जमात, काही अमेरिकेतल्या ॲरिझोनात, काही मेक्सिकोच्या डोंगरात मायकोबा नावाच्या गावात. २००६ साली तुलना छापून आली: ॲरिझोनात लठ्ठ पुरुष ६४ टक्के, बायका ७५ टक्के. मायकोबात पुरुष ७ आणि बायका २०. रक्त जवळजवळ तेच, मध्ये फक्त बॉर्डर.

आडमुठा:
पण मायकोबातले लोक शेतात राबतात ते सोयीस्करपणे गाळलंत, सगळं ताटावर कशाला ढकलताय? आणि जीन्सना एकदम शून्यही देऊ नका. पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवर २०१६ साली सीआरईबीआरएफ जीनचा एक प्रकार सापडला, तिथे आणि आसपासच्या बेटांवर बऱ्याच जणांत असतो आणि बाकी जगात जवळपास नाहीच. तो असला की वजन जास्त, आणि गंमत म्हणजे डायबेटिसचा धोका मात्र कमी! शिवाय बीएमआय हे मापच फसवं. पुण्याचे डायबेटिसतज्ज्ञ डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन या दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३, पण चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२. दोघांचा फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता.

निवांत:
राबण्याचा मुद्दा मान्य, गाळायला नको होता. पण तोही पेपरच झाला, म्हणजे आजूबाजूची परिस्थिती, जीन्स नाही. आणि एफटीओ नावाचा वजनाशी जोडलेला जीन आहे ना, त्याचा परिणाम अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात १९४२ नंतर जन्मलेल्यांतच ठळक दिसला, आधीच्यांत जवळपास नाही. जीन तोच, काळ बदलला.

खादाड_मांजर:
खाण्याचा सगळ्यात भारी पुरावा मला केविन हॉल या अमेरिकन संशोधकाच्या प्रयोगाचा वाटतो, २०१९ चा. २० माणसं महिनाभर हॉस्पिटलात ठेवली, दोन आठवडे पाकिटबंद कारखान्याचं खाणं आणि दोन आठवडे साधं, समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, फॅट, मीठ, फायबर सारखं, आणि सांगितलं हवं तेवढं खा. पाकिटवाल्यावर रोज ५०० कॅलरी जास्त गेल्या, सरासरी ०.९ किलो वाढलं, साध्यावर तेवढंच उतरलं. माणसं तीच, जीन्स तेच.

शंकासूर:
पेपरचं पटलं. म्हणजे मी आणि भाऊ यातला फरक बराचसा जीन्सचा (सख्खे असून निम्मेच सारखे असतात म्हणे) आणि आम्ही दोघंही आजोबांपेक्षा रुंद आहोत तो पेपरचा, जुन्या फोटोत त्यांच्या गळ्याची हाडं मोजता येतात. पण खादाड, साखर-फॅट सारखं असून जास्त का खाल्लं?

खादाड_मांजर:
नक्की कारणावर अजून वाद आहे, पण ते खाणं मऊ होतं आणि लोकांनी ते भराभर संपवलं एवढं मोजलं गेलं. पोट भरल्याचं कळेपर्यंत ताट रिकामं.