मदत हवी आहे: 'सगळा धंदा आहे' म्हणणाऱ्या दादाशी बोलायचं काय?

नमस्कार मंडळी,

प्रश्न आमच्या दादाचा आहे. वय साठीच्या पुढे, डोकं शाबूत, वाचन दांडगं. रक्तदाबाची गोळी, एक बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद ठेवणारं औषध) आणि कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन अशी त्याची औषधं बरीच वर्षं चालू आहेत. मध्यंतरी जिना चढताना छाती भरून यायला लागली. थांबलं की बरं वाटायचं. तपासण्या झाल्या. तज्ज्ञांनी पडद्यावर अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या नळ्यांचं चित्र, दाखवली, एका अरुंद जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा टाइम बॉम्ब आहे, स्टेंट (नळी उघडी ठेवणारी जाळी) टाकून मोकळे व्हा." दादाने विचारलं, "नाही टाकला तर काय होईल? आणि टाकला तर आयुष्य वाढेल का?" याचं उत्तर मिळालं नाही, बाहेरच्या टेबलावरून तारीख मात्र मिळाली.

दादा उठून आला. मलाही त्यात गैर वाटलं नाही. बिनसलं ते पुढे. आता तो तिन्ही गोळ्या बंद करायच्या म्हणतोय. "ज्या दुकानात एक माल खोटा निघाला, तिथला दुसरा मी डोळे मिटून का घेऊ?" असं त्याचं म्हणणं.

त्याला वेड्यात काढता येत नाही हीच माझी अडचण आहे. तो जे दाखले देतो ते मी तपासले, आणि बहुतेक खरे निघाले. थॅलिडोमाइड 1957 साली पश्चिम जर्मनीत बाजारात आलं, गरोदर बायकांना मळमळीवर सुरक्षित म्हणून दिलं गेलं आणि 1961 च्या अखेरीस मागे घेईपर्यंत जगभरात दहा हजारांच्या आसपास मुलं व्यंग घेऊन जन्मली. ते जुनं म्हणून सोडून द्यावं, तर 1999 ला आलेलं व्हायॉक्स आहे. या वेदनाशामकाने हार्ट अ‍ॅटॅक वाढत असल्याची चिन्हं 2000 च्या अभ्यासातच दिसली होती. 'आमच्या औषधाने अ‍ॅटॅक वाढले नाहीत, तुलनेतल्या दुसऱ्या औषधाने कमी झाले' असा युक्तिवाद करत ते 2004 पर्यंत विकलं गेलं.

ऑक्सिकॉन्टिन या अफूवर्गीय वेदनाशामक गोळीची गोष्ट तर मी दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा विश्वासच बसेना. 1980 साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं: दवाखान्यात भरती असताना अफूवर्गीय औषध मिळालेल्या 11,882 रुग्णांत व्यसन लागल्याची नोंद फक्त चौघांची. भरती असलेले, डॉक्टरांच्या नजरेखालचे रुग्ण. घरी नेऊन महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात चकार शब्द नाही. पण त्या पत्राचा हवाला पुढे सहाशेच्या वर वेळा दिला गेला, बहुतेक ठिकाणी 'व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून, आणि भरती रुग्णांचा तपशील वाटेतच गळून पडला. 1996 पासून या गोळीचा जो प्रचार झाला, तो अशाच जमिनीवर.

दादाचं एकच वाक्य मला टिकलेलं दिसलं नाही: 'डॉक्टरांच्या चुका हे मृत्यूचं तिसरं मोठं कारण आहे.' अमेरिकेबद्दलचा हा अडीच लाखांचा आकडा 2016 च्या एका लेखातला. थोड्या जुन्या अभ्यासांतलं प्रमाण देशभरातल्या भरती रुग्णांना लावून तो काढला आहे. तिथल्या रुग्णालयांत वर्षाला एकूण मृत्यूच सात लाखांच्या आसपास होतात. म्हणजे दर तिसरा माणूस डॉक्टरच्या चुकीने गेला असं मानावं लागेल. हे सांगितल्यावर दादा म्हणाला, "बरं, तिसरं नाही, दहावं. मग काय, छान झालं?" यावर मी गप्प बसले.

आणि गोळ्यांच्या जागी काय, तर व्हिडिओ करणाऱ्या एका गृहस्थांकडून मागवलेल्या कॅप्सूल. बाटली हातात घेऊन पाहिली. पाठीमागे बारीक अक्षरात अकरा वनस्पतींची नावं, पुढे 'खास मिश्रण', आणि कुठलं किती याचा पत्ता नाही. खाली आणखी बारीक अक्षरात: 'हे उत्पादन कोणताही आजार बरा करण्यासाठी नाही.' या बाटलीला मात्र धंद्याचा नियम लागू नाही!

तर विचारायचं हे, की नफेखोरीचा मुद्दा मान्य करूनही त्याला गोळ्यांवर कसं आणायचं? आणि स्टेंटबद्दल त्याचा संशय बरोबर आहे का? 'डॉक्टरांवर विश्वास ठेवा' असा सल्ला कृपया नको. तो देऊन झालाय, उलटा लागला.

रात्रपाळी

मी हृदयरोग विभागात काम करतो. वाद राहू द्या बाजूला, आधी एक करा: बीटा ब्लॉकर एकदम बंद करू देऊ नका. छातीत दुखणाऱ्या माणसाने हे औषध अचानक सोडलं तर दुखणं उसळतं, अ‍ॅटॅकही येऊ शकतो. सोडायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू डोस उतरवत. आणि बसल्या जागी दुखायला लागलं, दुखणं थांबेना किंवा घाम फुटला, तर चर्चा न करता इमर्जन्सी गाठायची.

आता स्टेंट. दादांनी विचारलेले दोन्ही प्रश्न अचूक होते. चालू अ‍ॅटॅकमध्ये स्टेंट जीव वाचवतो, तिथे वाद नाही. पण श्रमाने दुखणं आणि थांबलं की जाणं, अशा स्थिर दुखण्यात चित्र वेगळं आहे. 2007 ला कोरेज नावाची चाचणी प्रसिद्ध झाली, 2,287 रुग्णांची. 2020 ला इस्केमिया, 5,179 रुग्णांची. दोन्हींत निष्कर्ष एकच: आधीच स्टेंट किंवा बायपास करून मृत्यू वा अ‍ॅटॅक एकूणात कमी झाले नाहीत. दुखणं मात्र कमी होतं, आणि तेही महत्त्वाचं असतं. अपवादही आहेत. डावीकडची मुख्य नळी अडली असेल, हृदयाचं पंपिंग फार कमी असेल किंवा गोळ्यांनी दुखणं आवरत नसेल, तर हिशोब बदलतो. म्हणून रिपोर्ट घेऊन दुसऱ्या तज्ज्ञांकडे जा.

दादांसाठी खरी मेख पुढे आहे. या चाचण्यांत ज्यांना लगेच स्टेंट टाकला नाही, ते नुसते घरी बसले नव्हते. ते नेटाने गोळ्या घेत होते: स्टॅटिन, रक्तदाबाची, अ‍ॅस्पिरिन. 'स्टेंट लांबवला तरी चालेल' हा निष्कर्ष त्या गोळ्यांसकट आहे. गोळ्याही नकोत आणि स्टेंटही नको, या वाटेला त्या चाचण्यांचा काडीचा आधार नाही.

शंकासुर

मी दादांच्या बाजूने. वर रात्रपाळींनी लिहिलंय ते मान्य, पण गोष्ट फार लवकर 'गोळ्या घ्या'वर आणू नका.

2008 साली काहींनी नैराश्यावरच्या औषधांच्या 74 चाचण्या अमेरिकी औषध नियामकाच्या दप्तरातून बाहेर काढल्या. 38 अनुकूल होत्या, त्यांतली एक सोडून सगळ्या छापल्या गेल्या. उरलेल्या 36 पैकी 22 छापल्याच नाहीत आणि 11 अशा लिहिल्या की वाचणाऱ्याला अनुकूल वाटाव्यात. प्रामाणिकपणे छापल्या तीन. डॉक्टर भला असो की लबाड, त्याच्या पुढ्यात पुस्तकच जर असं आलं तर तो काय करणार? दादांचा राग एका तारीख देणाऱ्या टेबलावर नाहीये, या दप्तरावर आहे. तो राग शहाण्या माणसाला यायलाच हवा.

शिवाय जिथे प्रत्येक कृतीचे वेगळे पैसे मिळतात, तिथे कृती वाढतात. त्याला कुणी खलनायक असावा लागत नाही. दक्षिण कोरियाचं उदाहरण बघा. 1999 पासून तिथे कर्करोगाच्या तपासण्या सुरू झाल्या आणि थोडे जादा पैसे देऊन गळ्याची सोनोग्राफी करून घ्यायची पद्धत पडली. 2011 पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान 1993 च्या पंधरापट झालं. मृत्यू? होते तेवढेच. म्हणजे कर्करोगाचे जे कण आयुष्यभर निवांत पडून राहिले असते ते शोधले आणि जवळजवळ सगळ्यांवर शस्त्रक्रिया झाली. बहुतेकांच्या मागे जन्माची हार्मोनची गोळी लागली, काहींचा आवाज गेला. डॉक्टर सज्जन, मशीन चांगलं, निदानही तांत्रिकदृष्ट्या बरोबर!

कोरा कागद

@शंकासुर, कोरियाची गोष्ट पुरी सांगा की. हा घोळ उघडकीला आणला तोही डॉक्टरांनीच. 2014 ला त्यांनी जाहीरपणे आवाज उठवला आणि वर्षभरात त्या शस्त्रक्रिया साधारण एक तृतीयांशाने घटल्या. दडपलेल्या चाचण्या मोजणारेही संशोधकच. कॅप्सूलवाल्या गृहस्थांच्या धंद्यात असं आतून उठून कुणी म्हणतं का, की आपला माल तपासून पाहिला आणि चालत नाही?

नुसता नफाच सगळ्याच्या मुळाशी आहे हेही मला पटत नाही. ब्रिटनची आरोग्यसेवा सरकारी. तिथे 1970-80 च्या दशकांत दूषित रक्त आणि रक्तघटकांतून तीस हजारांवर लोकांना एचआयव्ही किंवा हेपॅटायटिस सीची लागण झाली, सुमारे तीन हजार मेले, आणि चौकशीचा अहवाल यायला 2024 उजाडलं. तिथे लपवाछपवी अब्रूसाठी होती.

ताई, दादांना रक्तदाबाच्या गोळीबद्दल आणखी एक सांगून पाहा. अमेरिकेत मुख्यतः सरकारी पैशातून चाळीस हजारांवर रुग्णांची ऑलहॅट नावाची चाचणी झाली, निकाल 2002 ला आला. नव्या, महागड्या औषधांसमोर क्लोरथॅलिडोन ही जुनी, पेटंट केव्हाच संपलेली, लघवी वाढवणारी स्वस्त गोळी उतरवली होती. ती कुठेच कमी पडली नाही, काही बाबतींत सरसच ठरली. त्याआधी 1991 च्या शेप चाचणीत साठीपुढच्या, वरचा रक्तदाब वाढलेल्या लोकांत पाच वर्षांत शंभरातल्या सुमारे आठांना पक्षाघात झाला. हीच गोळी घेणाऱ्यांत पाचांना. शंभरात तीन. चमत्कार नाही, पण त्या तिघांत आपण असू तर? धंदाच करायचा असता तर ही गोळी कुणी पुढे केली नसती.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. रात्रपाळींचा प्रतिसाद दादाला मोबाइलवर तसाच वाचायला दिला, आणि शंकासुरांचाही. शंकासुरांचा वाचून स्वारी खूश झाली, "कुणीतरी माणूस भेटला" म्हणाला. मग रात्रपाळींचा 'गोळ्यांसकट' हा मुद्दा दोनदा वाचला. बराच वेळ काही बोलला नाही, मग मला म्हणाला, "तुझ्या बाजूचा दिसतोय हा, पण मुद्दा आहे."

आजची स्थिती: बीटा ब्लॉकर आणि रक्तदाबाची गोळी चालू राहणार. स्टेंटसाठी दुसऱ्या तज्ज्ञांकडे जायला तयार झालाय, अट एकच, ते ज्यांच्याकडे पाठवतील तिथे लगेच भरती व्हायचं नाही. कॅप्सूल अजून घरात आहेत. त्यांतल्या काही वनस्पती मुळात रक्तदाबच खाली आणतात असं वाचलं, म्हणून बाटलीही दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला सोबत नेणार आहे.

स्टॅटिनवर अडलंय. कोरा कागद यांचा 'शंभरात तीन' त्याला फार आवडला, आता स्टॅटिनचाही तसाच हिशोब मागतोय: माझ्यासारख्या शंभर जणांनी पाच वर्षं घेतली तर किती जणांचं काय टळतं, आणि किती जणांना त्रास होतो? टक्क्यांनी धोका कमी होतो वगैरे सांगितलं की म्हणतो, कशाचे टक्के ते आधी सांग. औषध कंपन्यांच्या पैशाविना तयार झालेला असा हिशोब कुठे साध्या भाषेत मिळेल का?

आणि रात्रपाळी, अँजिओग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'डावीकडची मुख्य नळी' आणि पंपिंगचा आकडा कुठे, कोणत्या नावाने लिहिलेला असतो? रिपोर्ट समोर आहे, मला सापडत नाहीये.