मदत हवी आहे: जुन्या गेम विकायच्यात, पण कोडवाल्यांचं काय करू?

नमस्कार मंडळी, धाकट्या भावाने पीएस फाइव्ह (सोनीचं गेम खेळायचं प्लेस्टेशन मशीन) घेतलाय, तोही बिनडिस्कचा डिजिटलवाला, त्यामुळे आमच्या पीएस फोरच्या सगळ्या डिस्क आता नुसत्या कपाटात पडून आहेत. त्या विकायला अडचण नाही, डिस्क घाला आणि खेळा, कुणाच्याही मशीनवर चालते. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांच्या एक्सबॉक्स वन मशीनवर वापरलेल्या, सेकंडहँड गेमना बंधनं घालायचं ठरवलं होतं, लोकांनी एवढा कल्ला केला की महिन्याभरात माघार घेतली, ते बरंच झालं म्हणायचं.

खरी डोकेदुखी पीसीच्या गेमच्या डब्यांची. आत डिस्क चकाचक आहे, सोबत स्टीमच्या (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) कोडची चिठ्ठी, आणि तो कोड भावाच्या अकाउंटला कधीच लागलाय. म्हणजे डिस्क दिली तरी घेणाऱ्याला फक्त इन्स्टॉलच्या फायली मिळणार, गेम नाही. अकाउंटच विकावं तर स्टीमच्या नियमात बसत नाही, शिवाय त्यात बाकीच्या गेमही आहेत. पैसे पूर्ण मोजायचे आणि वर नुसतं लायसन्स, म्हणजे फक्त खेळायची परवानगी, हा कुठला न्याय?

कोथरूडचा एक जण डबे बघायला येतोय, त्याला हे आधीच सांगणार आहे. पण असे डबे नुसते संग्रहासाठी कुणी घेतं का, आणि किती भाव मागावा? पीएस फोरच्या डिस्कसाठी तापकीर गल्लीत किंवा कॅम्पात बरा भाव देणारं कुणी माहितीये का? की सरळ भावाला सुटा डिस्क ड्राइव्ह घ्यायला लावू, त्याचं मॉडेल स्लिम आहे म्हणून बसेल?